आत की बाहेर

"बाबा, संपात तुम्ही आत होता की बाहेर?"
ऋजुतानं लीड्सहून हे विचारलं
तेव्हा दुपारचे तीन वाजायला आले होते
आणि मी तिच्यासाठी लीलो चेवडो पिशवीत भरत होतो,
दीड किलो, मैत्रिणींनाही पुरेल असा.

मी म्हटलं, कुठला संप?
जसे काही माझ्या आयुष्यात संप पुष्कळ झाले.

गोष्ट तिला पाठ आहे.
भरवताना मीच सांगायचो :
मकरपुऱ्यातला काचेचा कारखाना, एकोणनव्वद साल,
अकरा दिवस फाटक बंद.
आम्ही एकवीस जण आत, भट्टी विझू नये म्हणून.
भट्टी विझली की काच आतल्या आत गोठते,
मग भट्टीच फोडावी लागते. घास.
मग काय झालं, बाबा?
मग रात्री भिंतीवरून पुरीभाजीची पुडकी यायची,
आम्ही पोत्यांवर झोपायचो, घास,
आणि बाराव्या दिवशी शेठनं प्रत्येकाला घड्याळ दिलं.
हे काय, हेच.
ती टाळ्या वाजवायची.

त्या गोष्टीत फाटकाबाहेर कुणीच नव्हतं.

आता ती सांगते, इथे प्राध्यापक संपावर आहेत.
माझ्याच विभागाच्या दारात, मफलर गुंडाळून, हातात पाटी.
मला अडवलं नाही त्यांनी, नुसतं गुड मॉर्निंग म्हणाले.
माझ्या खोलीतली चिलीची मुलगी म्हणते,
ही रेघ ओलांडायची नसते.
आपण घरात शिरताना चपला काढतो ना, तितकं साधं आहे तिला ते.
आणि लागोसचा एक मुलगा म्हणतो,
माझी फी म्हणजे मामाच्या दोन टॅक्सी.
त्या विकून झाल्या. मी तर तासाला बसणार.
बाबा, मला दोघांचंही पटतं.

मग जरा थांबून,
"तुमच्या वेळी बाहेर कोण होतं?"

बाहेर कांचनभाई होता.
सात वर्षं माझ्याआधीचा, भट्टीचा रंग ओळखायला
त्यानंच शिकवलं मला.
तो घोषणा देत नसे.
पाळी बदलायच्या वेळी गजांशी येऊन विचारायचा,
"दिघेभाई, भठ्ठी केवी छे?"
मी म्हणायचो, सारी छे.
एवढंच.
त्याला परत घेतलं नाही.
पुढे दांडिया बाजारात सेव-उसळीची गाडी लावली त्यानं.
त्या गल्लीतून मी तीस वर्षं गेलेलो नाही.
ऋजुताला वाटतं, मला तिखट सोसत नाही.

माझ्या प्रोबेशनचे दोन महिने उरले होते.
हे कारण मी कुणालाच सांगितलं नाही.
घड्याळ मिळालेल्या माणसाला
कारण कोण विचारतो?

आता सांगायला लागलो, तर ती म्हणाली,
"मी भांडत नाहीये, बाबा.
हजेरी चुकली तर व्हिसाचं पत्र येतं.
दारापासून वीस पावलांवर उभी आहे मी.
साडेनऊचा तास. साडेनऊ झालेत."

मला वाटायचं, परदेशात जाऊन पोरगी शिकेल
ते माझ्या डोक्यावरून जाईल.
हे तर सगळंच कळत होतं.

जा म्हणू? नको जाऊस म्हणू?
आत ऊब असते, इतकं मी खात्रीनं सांगू शकतो.
बाहेरचं मला काय ठाऊक.
ते कांचनभाईला विचारायला हवं होतं,
आता गाडीवर त्याचा मुलगा असतो म्हणतात.

फोनमध्ये कुणी तरी पत्र्याचा डबा बडवत होतं.
मधूनच तिचा श्वास, थंडीतला, तुटका.
मी भिंतीकडे पाहिलं. तीन वाजून चार मिनिटं.
इतक्या वर्षांत एकदाही मागे पडलेलं नाही.

"आत होतो," मी म्हटलं.
हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.
मी मात्र पहिल्यांदाच सांगत होतो.

"बरं," ती म्हणाली.
फोन ठेवला नाही.
चेवड्याची पिशवी हातात उघडीच धरून
मी ऐकत राहिलो,
कुठे दार उघडल्याचा आवाज येतो का.