दोनशे बारा

पोर्ट आर्थरमध्ये वारा कुठून वाहतोय
ते व्हर्डेल पोरांच्या छातीला कान लावून सांगते.
रिफायनरीकडून असला
तर मधल्या सुट्टीआधीच तिच्या दारात रांग.

तीन शाळा, नर्स एक.
मंगळवारी ती इथे असते.
ओसिएलला धाप लागली ती बुधवारी.

पंप होता की. त्याच्याच नावाची चिठ्ठी लावलेला,
कपाटात, कुलपात, कलम चौदाप्रमाणे.
किल्ली मुख्याध्यापिकेच्या पर्समध्ये,
पर्स गाडीत.

पोरगा वाचला. म्हणून कुणी काही लिहून ठेवलं नाही.

रात्री रिकाम्या शाळेत
जिमपासून त्या कपाटापर्यंत ती चालत गेली,
गुडघा कुरकुरत होता तरी
एकेक पाऊल मोजत.

शाळा मंडळाने तिला तीन मिनिटं दिली.
ती भाषण विसरल्यासारखी उठली
आणि त्यांच्या लांबलचक टेबलाभोवती
फेऱ्या घालू लागली, आकडे पुटपुटत.
साठाला कुणीतरी हसलं.
एकशे चाळीसला घड्याळाकडे पाहिलं.
एकशे नव्वदला
अध्यक्षांनी नकळत टायची गाठ सैल केली.

विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला.

आज बुधवार.
ओसिएलच्या खिशात पंप आहे,
कलम चौदा मोडून,
आणि सोबत घडी घातलेला कागद.
सही तिची.