सात पॉइंट दोन

सेल्बी हाइन्सच्या वहीत रोज सकाळी साखर सात पॉइंट दोन.
सोमवारी सात पॉइंट दोन, नाताळच्या दिवशीही,
बर्फाने वीज गेली त्या तीन दिवसांतही
सात पॉइंट दोन.
एकाच पेनची निळी शाई, एकाच बैठकीतला हात.
मी नर्स आहे, पोलीस नाही.
वही मिटली. मोजे काढ म्हटलं.

अकरा वर्षं मी या माणसाच्या पायांशी बोलतेय.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला, जिथे रस्ता संपतो
आणि पुढे फक्त कॉड नसलेला समुद्र,
दर महिन्याला गाडी घेऊन येते,
त्याच्या तळव्यावर नायलॉनचा तंतू टेकवते.
कळतंय? नाही. इथे? नाही.
इथे?
"दाराबाहेर कुणीतरी उभं असावं, तसं," म्हणाला एकदा.
मी कागदावर खूण केली. संवेदना: कमी.

कागदावर पायांना जागा आहे, डोळ्यांना आहे,
मूत्रपिंडांना तर दोन ओळी.
जीव रमतो का, याला चौकोन नाही.

आता सेंट जॉन्सच्या इस्पितळातून त्याच्या हृदयाचा आलेख आलाय,
गुडघ्याच्या ऑपरेशनआधी सहज काढलेला.
त्यात एक जुना व्रण.
झटका, येऊन गेलेला, केव्हाच,
आणि कुणाला पत्ता नाही. सेल्बीलाही.
साखरेने नसा मुक्या केल्या की असं होतं कधीकधी:
दुखणं आत येतं, आणि दार वाजवत नाही.

"आठव," मी म्हटलं. "घाम? दम?
छातीत नाही तर जबड्यात, पोटात?"
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर उपडी घातलेली होडी,
तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड.
"मार्चमध्ये," तो म्हणाला, "लाकडं फोडताना.
घामाने भिजलो. ओंडक्यावर बसलो तासभर.
वाटलं, सिरिलचंच असेल."

सिरिल म्हणजे धाकटा भाऊ, होडीतली हातांची दुसरी जोडी.
त्या फेब्रुवारीत अल्बर्टाला गेला, तेलाच्या कामावर,
घराची किल्ली इथे खिळ्याला अडकवून.
किल्ली अजून तिथेच आहे.

म्हणजे काळीज खरोखर फाटत होतं त्या तासाला
हा समजत होता, नुसतं वाईट वाटतंय.
आणि नुसतं वाईट वाटत होतं ते अख्खं वर्ष
मी समजत होते, साखर आहे.

दर महिन्याला विचारत आले, काय खाल्लंस?
बटाटे किती, पाव किती,
चहात अजून काकवी घालतोस का?
तो सांगत आला: थोडं. बेताचं.
त्याने हाय खाल्ली होती.
ती कुठल्या तक्त्यात मोजतात?

"गोळ्या घेतोस?"
"कधीमधी."
"रोज का नाही?"
"कशासाठी, वर्ना?"

हा प्रश्न अकरा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता,
किंवा सगळ्यांनीच विचारला होता, मोजे काढता काढता.
मी कोट काढला. खुर्ची ओढली.
पुढच्या खाडीवरची मिसेस रोझ वाट बघेल,
रागावेल, वाट बघेल.
"झोप लागते?"
"तीनला उठतो."
"मग?"
"मग काही नाही. जाळं विणायची सुई हातात घेतो. ठेवतो."
"आणि संध्याकाळी?"
"चारला अंधार पडतो," तो म्हणाला.
घर खायला उठतं, हे त्याने सांगितलं नाही;
मी बसले होते त्या खुर्चीवर धूळ होती.

बराच वेळ एकटा फ्रीजच गुरगुरत राहिला.
मग त्याने ड्रॉवर ओढला.
पट्ट्यांची डबी, सील न फोडलेली.
अंगठ्याच्या नखाने फोडली, बोट पुढे केलं.
दोरांनी राठ झालेलं बोट;
टोचायला दोनदा जोर लावावा लागला.
थेंब काळसर, हट्टी.
यंत्र पाचापासून उलटं मोजत आलं.

सतरा पॉइंट नऊ.

"लिही," तो म्हणाला.
मी निळं पेन शोधत होते.
त्याने पेन्सिल दिली.