पट्टीची पाठ

पाच बारीक स्क्रू, त्यातला एक कायमचा हरवलेला.
कॅसेटचं पोट उघडून मोरेश्वर भोईर
तपकिरी पट्टीला अर्धा पीळ द्यायचा,
पाठ हेडकडे, तोंड भिंतीकडे,
आणि जीभ दातांत धरून म्हणायचा,
"आता गप. ती काय बोलते बघ."

कोपरखैरणे. आमची सिडकोची बैठी घरं,
पलीकडे त्याचं गाव, मधे गटारावर एक फळी.
वारा रबाळ्याकडून फिरला
की सडक्या अंड्यांचा वास यायचा,
खिडकी लावून घ्यायला तेवढंच निमित्त.

गाणं पाण्याखालून यायचं, शेपटीकडून.
प्रत्येक ठोका आधी फुगायचा, मग फट् बंद,
जणू तबला कुणीतरी चोखून घेतंय.
विरहाचं गाणं, नायिका बहुतेक मरणार होती.
मला काहीच कळेना.
"लसूण सोल म्हणते," मोरेश्वर म्हणाला.
झालं.
त्यानंतर ती दुसरं काही म्हणेचना.
लसूण सोल, लसूण सोल, आणि मधे बासरी.

चार आण्याला एक गाणं, संदेश फुकट.
संसारे काकांना आरतीत
त्यांच्या साहेबाचं नाव ऐकू आलं,
"बदली" सुद्धा, म्हणाले, अगदी स्वच्छ;
आठवडाभर धड जेवले नाहीत.
शशीला कव्वालीत गणिताचा पेपर फुटला,
तीन गणितं, तिन्ही दुसऱ्याच इयत्तेची.
माझी आई एवढंच म्हणाली,
"सुलट सांगितलेलं ऐकतोस का कधी?"

आम्ही वही घातली.
ताल उलटला की लात.
रात उलटली की तार.
राजाचा आजार.
राधेचा आधार, इथे मोरेश्वरने दोन रेघा ओढल्या.
चिमा काय कामाची, पाटीवर दोन्हीकडून तीच;
पट्टीवर मात्र ईचामाक्याकामिच,
कुठल्या तरी थंड देशातली रागावलेली बाई.

मग त्या मे महिन्यात
त्याच्या आतेचा आवाज भरला.
पदीबाय धवलारीण. बोटाला मिश्री,
गळ्यात गावातली तीन पिढ्यांची लग्नं.
उलटी करून तिलाच ऐकवली.
भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली ती.
आम्ही वाट बघत होतो, आतेला काय सापडतं,
लसूण, बदली, निदान एखादी शिवी.

पट्टी संपत आली, म्हणजे सुरुवात आली.
"पोर घरा आयली," ती म्हणाली.
"हलद उतरली. तांदूल मुठीन परत गेलं."
मोरेश्वर फिसकन हसला, मग थांबला.
"जा गो, असा बोललेली मी शेवटाला.
ती बघ, पयलाच बोलते, आज.
आज गो, आज."

जा.
आज.
वहीत नव्हतंच आमच्या हे.

"परत लाव," ती म्हणाली.
चौथ्या वेळी टेपने पट्टी खाल्ली,
मोरेश्वर पेन्सिल घालून गुंडाळत बसला,
एका हाताच्या अंतरावर चुरगळलेली एक सुरकुती,
तिथे कायम खरखर राहिली.
चार आणे मागायचं सुचलं नाही.
तिची कांता उरणला दिलेली,
पहिल्या बाळंतपणात तिकडेच गेली,
हे मला फळीवरून घरी येताना आठवलं.

आता फोनवर बोट ठेवलं की काहीही उलटतं.
पीळ नाही, स्क्रू नाही, हरवायला काही नाही.
लेकीने काल दाखवलं, घणसोलीच्या बाराव्या मजल्यावर.
तिला म्हटलं, ते विरहाचं लाव.
तिने ऐकलं, तोंड वाकडं केलं,
"बाबा, ही काहीच बोलत नाहीये."

सांगू का, असं झालं क्षणभर.
एकदा सांगितलं की जन्मभर तेच.

उठून ओट्याशी गेलो.
पाचसहा पाकळ्या सोलल्या.