नळ मात्र एकच

रजिस्ट्रीला मी बॉलपेन घरूनच नेला होता.
त्रिमूर्तीनगरच्या मागच्या लेआउटमधलं
चार ब्लॉकांचं घर, दोन खाली, दोन वर,
एका पाटीवर चार मीटर,
नळ मात्र एकच.

ग्रॅच्युइटी गेली, पीएफ गेला,
भंडाऱ्याकडचा धानाचा तुकडा गेला,
उरलेल्याला बँक, लेकीच्या सहीनं.
जावई म्हणाला, आई,
चौतीस हजार किराया, एकेचाळीस हजार हप्ता,
एफडीच बरी होती.
बेरीज त्याची बरोबर आहे.
एकतीस वर्षं मेडिकलच्या वॉर्डात
मी सलाईनचे थेंब मोजले,
बेरीज मलाही येते.

वर डावीकडे उमरेडचे जांभुळकर, एसटीत कंडक्टर,
सुट्टे मोजून किराया देतात.
उजवीकडे अहेरीच्या दोघी मडावी बहिणी,
पोलीस भरतीसाठी पहाटे चारला धावायला निघतात;
गेट करकरतं, मी कूस बदलते.
खाली हुमेरा. रात्री मिहान, दिवसा झोप.
चौथा ब्लॉक रिकामाच.
‘किरायाने देणे आहे’च्या पाटीवर
माझा सात एकासारखा दिसतो,
फोन भलत्याच माणसाला जाऊन राहिले म्हणे.

मेमध्ये सेहेचाळीस डिग्री.
तीन कूलर, माझा चौथा,
दुपारी दोनला टाकी ठणठणीत.
टँकरचे सोळाशे.
जावयाच्या तक्त्यात टँकर नव्हता.

त्याच आठवड्यात थोरली मडावी म्हणाली,
सिस्टर, नकाशा लावायचा आहे, एक खिळा ठोकू का?
आणि मी म्हटलं,
खिळे नका ठोकू बाई, प्लास्टर निघते.

हे वाक्य माझं नव्हतं.
गोकुळपेठेतल्या कोलतेबाईंचं होतं,
त्याच सुरात, बाईसकट.
यांचा फोटो नऊ वर्षं
कपाटाला टेकून उभा होता माझ्याकडे,
झाडताना उचलायचा, पुन्हा ठेवायचा.

रात्री रिकाम्या ब्लॉकात गेले.
बल्ब लावला, हातोडी घेतली,
कुणाचंच काही टांगायचं नव्हतं.
दोन इंची खिळा. तिसऱ्या ठोक्याला
प्लास्टर खरंच निघालं,
पोळीएवढं.

कोलतेबाई खोटं बोलत नव्हत्या तर.

मिस्त्री सातशे म्हणतो.
तक्त्यात लिहून घेतले, टँकरच्या खाली.
मग वर गेले. नकाशा कणकेनं चिकटवलेला,
गडचिरोलीचा कोपरा सुटून लोंबत होता.
म्हटलं, ठोक.
पण आधी ओल्या फडक्यानं भिंत पूस,
सुईआधी दंड पुसतात तशी.
आणि हळू.