जुनीच सही

पीटरहेड. पहाटेचे तीन वाजायला दहा कमी.
बंदरावर बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालंय,
आणि मासळी बाजाराच्या माडीवर,
झाडू-बादल्यांच्या शेजारच्या खोलीत
मी आणि एक सर्व्हर,
ज्याला काल संध्याकाळपासून काहीच आठवत नाही.

नखाएवढं कार्ड. त्यावर त्याचं सगळं शहाणपण.
कार्ड गेलं.
नवं घातलं, यंत्रणा पुन्हा चढवली,
उठला तो, पंखे गरगरवले,
तब्येत उत्तम म्हणाला,
आणि स्टोरेजचं विचारलं तर कोरी पाटी.

स्टोरेज कुठे गेलेलं नाही.
त्याच कपाटात, दोन हात खाली,
चोवीस डिस्का हिरवे डोळे मिचकावत बसल्यात.
लिलावाचं घड्याळ, वजनकाटे, बोटींची देणी,
चौदा आभासी यंत्रं जशीच्या तशी
झोपलेली.
काखेत कळसा म्हणतात तो हाच,
वळसा तेवढा माझ्या वाट्याला.

सातला बोली.
आठशे पेट्या हॅडॉक, उद्या शिळा होणारा.

वॉटी बखनला फोन लावला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
वाटलं, शिव्या घालेल.
"जागाच आहे," म्हणाला, "कुत्री खोकतेय रात्रभर."
वायर तीच आहे वॉटी, पण त्यातली गल्ली कुठली?
व्हीलॅनचा आकडा लिहिलायस कुठे?
"लिहायचा कशाला?
बाबांची बोट. पीडी दोनशे सतरा."
मग बराच वेळ फोनवर नुसता कुत्रीचा खोकला.
बोटीचं पुढे काय झालं
तो सांगत नाही, मी विचारत नाही.
दोनशे सतरा टाकते.
पिंग जातो.
परत येतो.

रस्ता मिळाला, दार नाही.
नव्याने उठलेल्याने नवं नाव घेतलंय,
लांबलचक, टिंबाटिंबांचं,
आणि खालच्या पेटीकडे यादी आहे:
अमुक नावाला आत सोडा, बाकीच्यांना नाही.
पेटी चेहरा बघत नाही.

कराडच्या पोस्टात अशीच उभी होते मी,
हातात पासबुक, हेमांगी दिनकर ठोंबरे,
माझेच अकरा हजार.
पण लग्नात ताटातल्या तांदळावर
अंगठीने कुणी शर्वरी लिहिलं,
आणि ओळखपत्रावर तेच छापून आलं.
पोस्टमास्तर म्हणाले, बाई, तुम्ही त्याच कशावरून?
तांदळाचा त्याच रात्री भात झाला असेल.
नाव मात्र बारा वर्षं शिजत राहिलं.

यादीत नवं नाव घालणं सोपं होतं.
मी यादीतलं जुनं
अक्षर अक्षर उतरवून घेतलं
आणि सर्व्हरला परत दिलं.
घे. हे तुझं.

क्षणभर काही नाही.
मग पडद्यावर एक प्रश्न, अगदी सभ्य:
हा साठा ओळखीचा वाटतो.
जुनी सही ठेवायची? नवी करायची?
की सगळं पुसून पहिल्यापासून?
तिन्ही ओळी एकाच मापाच्या अक्षरांत,
जणू तिन्हींची किंमत सारखीच.
माउसवरचं बोट कापलं, खोटं कशाला बोलू.
जुनी.

एकेक फोल्डर उघडत गेला.
एकेकाला नोंदवलं, एकेकाला उठवलं.
आधी घड्याळ. मग काटे. देणी शेवटी,
ती कुणालाच घाईची नसतात.

सातला पाच कमी असताना खाली दिवे लागले.
पांढऱ्या बुटांचा घोळका पेट्यांमधून सरकू लागला,
कुणीतरी पहिल्याच भावाला शिवी हासडली
आणि मला फार बरं वाटलं.
खारट बटरी खात
कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला:
दोनशे सतरा, ते लांबलचक नाव,
खाली तारीख, हेमांगी.
तेवढ्यात वॉटीचा मेसेज.
कुत्री झोपली.
हॅडॉक कितीला गेला?