पंचवीस

आठजण होतो आम्ही, नववी खुर्ची रिकामी.
"खेळणार का?" इटानं विचारलं,
चहाच्या किटलीशी उगाच घुटमळणाऱ्या त्या मुलीला.
मांसाच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेली,
बोटांना ब्लीचचा वास.
नाव जोएल्मा. गाव ब्राझीलमधलं, लाल मातीचं.
त्या दिवशी एवढंच कळलं.

गुरुवार. क्लेअरचा पश्चिम किनारा, चर्चमागचा हॉल.
हीटर एकच, तोही मॅलकी टॉल्टीच्या पाठीशी.
वारा असा, की दाराला
जुन्या प्रार्थनापुस्तकांचा गठ्ठा टेकवून ठेवावा लागतो.

नियम मी सांगितले.
पानं पाच. एका हाताचे पाच गुण.
पंचवीस आधी ज्याचे, डाव त्याचा.
इथवर सोपं.
हुकमाची पंजी सगळ्यांत मोठी, तिच्याखाली गुलाम.
तिसरा बदामाचा एक्का: हुकूम कुठलाही असो,
त्याची खुर्ची पक्की,
बिनखात्याच्या मंत्र्यासारखी.
राजा बिचारा त्यांच्यामागे रांगेत.
आणि हे बघ,
लालमध्ये दश्शी दुर्रीला मारते,
काळ्यात दुर्री दश्शीला.

"का?"

साठ वर्षं खेळतेय मी.
असं कुणी विचारलं नव्हतं.
"तसंच आहे," म्हटलं.
तिनं मान डोलावली,
व्हिसाच्या कचेरीत डोलावतात तशी.

पहिल्याच रात्री तिला पंजी लागली.
तिनं ती जपली.
हुकमाची उतारी झाली तरी बारकं पान टाकलं
(पंजीला ती सवलत आहे, दडून बसायची),
पुन्हा उतारी, पुन्हा बारकं,
आणि मॅलकी पंचवीसवर.
डाव संपला. तिच्या मुठीत पंजी,
कोपरा घामानं वळलेला.
कुणी काही बोललं नाही.
इटानं चॉकलेटची बिस्किटं पुढं केली,
पाहुण्यांसाठी वेगळ्या डब्यात असतात ती.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती.
ती सांगायची नसते, दिसते.
जो वीसवर पोचला, त्याच्यावर सगळे.
ज्यांचं बांधावरून बोलणं बंद आहे तेसुद्धा.
नजर नाही, खूण नाही,
टेबलाभोवती आठ माणसांचं एक माणूस होतं,
तो हात पडेपर्यंत.
मग पुन्हा आठ.

हिवाळाभर ती वीसवर आली
की कुणालाच हुकूम सापडेना.
पॅडी कॉन्सिडाइन चष्मा पुसत बसायचा.
मी स्वतः एकदा गुलाम
किलवरच्या सत्तीमागे लपवला, देवा माफ कर.
दोनदा जिंकली ती तशी:
एकदा फ्रूटकेक, एकदा सहा अंडी.
नेताना आमच्याकडे बघितलं नाही तिनं.
कळत होतं तिला. पत्ते कळायला लागले होते,
म्हणजे तेही कळणारच.

मार्चमध्ये बक्षीस हॅमची तंगडी होती.
म्हणून असेल. किंवा पावसानं सगळेच
आतून चिडलेले होते, म्हणून.
जोएल्मा वीसवर, हुकूम चौकट.
पॅडीनं राणी जाळली. मी राजा.
इटानं, जी माशीसुद्धा मारत नाही,
चौकटचा एक्का टाकला, चेहरा तसाच.
उरला शेवटचा हात.
तिनं बदामाचा एक्का ठेवला, हळूच,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.
मॅलकीचे पाचच गुण होते. त्याला काही मिळणार नव्हतं.
त्यानं गुलाम आपटला.
बशा हादरल्या.

ती उठली. टेबलावर हात मारला.
पोर्तुगीजमध्ये जे बोलली
ते फादर क्विलिगनना कळलं नाही, हे बरं.
मॅलकी इतका खूश
की हीटरपासून अर्धा फूट सरकला.

"वाटा," ती म्हणाली, बसत.
पानं वाटायची पाळी इटाची.
पण तिनं आधी साधी बिस्किटं पुढं ढकलली,
खारट, कडेला तुटलेली, आमची.
जोएल्मानं डबा बघितला.
दोन उचलली.