शेवंडीचा पत्ता

जावईबापू, तुम्ही फोनवर विचारलंत म्हणून सांगतो,
गोव्यात ताजी शेवंड कुठे खावी.
एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या मी,
पत्ता सांगायचा तर खुणांसकट सांगणार.

कोळव्याला, बाणावलीला त्या काचेच्या पेटीत असतात,
बुडबुड्यांच्या नळीखाली, एकीवर एक.
कार्डावर भावाच्या जागी नुसती रेघ.
रेघ म्हणजे काय ते मला विचारा:
अलीकडे एकाचं, पलीकडे दुसऱ्याचं,
आणि रेघेवर उभा राहील तो कज्ज्यात.
आम्ही पाणी पिऊन उठलो.

तर काणकोणात चावडीवरून दक्षिणेला लागा.
तळपणचा पूल ओलांडला की थोड्या वेळाने
सुरूची झाडं सुरू होतात. गाडी तिथेच लावा, पुढे वाळू आहे.
निळं तुळशीवृंदावन दिसेल.
त्याच्या नैर्ऋत्येला साधारण दोन साखळ्यांवर
उपडी घातलेली होडी, होडीखाली कोंबड्या.
पाटी वगैरे नाही. शाणू पागी म्हणून हाक मारायची.

तो म्हणाला, शेवंड आसा.
आमच्या फलटणच्या कानांना शेवंती ऐकू आली.
तुमच्या सासूबाई म्हणाल्या, वेणी नको हो, जेवायचंय.
तो हसला नाही. खाडीत उतरला गुडघाभर
आणि दोर ओढत राहिला, ओढत राहिला,
शेवटी वेताची टोपली आली, आणि टोपलीत ती.
नांग्या नसतात तिला. मिश्या असतात, हातभर.
आणि करकरते, माहितीये?
जुन्या दाराची बिजागरी करकरावी तशी.
मला वाटलं मागे कुणी दार उघडलं.
मागे नुसता समुद्र.

तराजूत आठशे वीस ग्रॅम.
सतराशे किलोने तेराशे चौऱ्याण्णव, मी मनात मांडलं.
तो म्हणाला, तेराशे द्या.
मी मोजणीदार, पण वरच्या चौऱ्याण्णवांचं काय करावं
ते मला अजून समजलेलं नाही.

सुलक्षाने, म्हणजे त्याच्या बायकोने, उभी चिरली.
हळद, मीठ, सोलांचं आगळ,
आणि नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यावर पालथी.
ती लाल होत गेली आणि आम्ही गप्प होत गेलो.

पायांची कवचं काही फुटेनात.
तेव्हा सासूबाईंनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला,
तोच, पितळी मोराचा,
आणि सुपारी कातरावी तसा एकेक पाय कातरला.
सुलक्षा पोट धरून हसली.

मग शाणूने विचारलं, चव कशी असते?
कशी झाली नव्हे, कशी असते.
मी घास तसाच धरून त्याच्याकडे बघितलं.
म्हणाला, आमी विकतात, खायनात.
बावीस वर्षं दोर ओढणारा माणूस.

सासूबाई बोलल्या नाहीत काही.
शेपटीकडचा मधला तुकडा, चांगला मोठा,
उचलून सुलक्षाच्या तळहातावर ठेवला.
ती नको नको म्हणाली, नवऱ्याकडे बघितलं,
मग आमच्याकडे पाठ करून उभ्या उभ्याच खाल्ला.
बराच वेळ वळलीच नाही.
वळली तेव्हा कपाळाला आठी:
मीठ चड जालें.

इतकी वर्षं परक्या जिभांसाठी
अंदाजाने मीठ घालत आली होती ती,
आणि कुणी कधी सांगितलं नव्हतं.
आम्हीही नसतं सांगितलं.
उरलेला तुकडा तिने शाणूपुढे सरकवला.
तो मात्र होडीवरची शेवाळ खरवडत बसला.

तर हा पत्ता. मोजणीत पाच-सहा फुटांची चूक धरा,
वाळू दर साली सरकते.
अडकित्ता तिथेच राहिला.
विसरला की ठेवला, ते सासूबाई सांगत नाहीत.
गेलात तर मागू नका.
फक्त मोराची खीळ सैल होती,
ती कुणी ठोकली का, तेवढं बघून या.